शेताच्या टोकापर्यंत

आईच्या थायरॉईडची गाठ नाशिकला काढली. दुसऱ्या दिवशी सर्जन राउंडला आले. "मावशी, गाव कोणतं तुमचं? मोठ्यानं सांगा."

खाटेजवळ आजोबा बसले होते. आईने डोक्यावरचा पदर सावरला आणि पुटपुटली, "देवळा."

"आवाज आधीपासून असाच आहे का?" डॉक्टरांनी आम्हाला विचारलं.

"असाच," आजोबा जरा अभिमानानेच म्हणाले. "आमच्या घरात सुना मोठ्यानं बोलत नाय."

त्यात खोटं काही नव्हतं. सासऱ्यांसमोर आई लग्न होऊन आल्यापासून अशीच बोलायची. पाणी पिताना तिला ठसका लागला, तर आत्या हसली. "कोण आठवण काढतंय गं वहिनी? भाऊ तर इथंच बसलाय!" आईही हसली. आम्ही तिला घरी नेलं.

आईचा मोठा आवाज फक्त ओट्यावरून ऐकू यायचा. वडिलांचं नाव ती कधी घेत नसे. दुपारी ओट्यावर उभी राहून ती माझ्या नावाने हाक मारायची आणि कांद्याच्या शेताच्या टोकाला वडील हातातलं काम टाकून जेवायला निघायचे. मी सातपूरला नोकरीला लागल्यावरही ती हाक माझ्याच नावाची राहिली. त्याच आवाजाने पहाटे ओट्यावरून उठवून तिने मला कॉलेजच्या एसटीत बसवलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी तसा झालो.

ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा ओट्यावर आली, त्या दिवशी मी रजेवर होतो, तिच्या शेजारीच उभा. तिने हाक मारली. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि नुसती हवा बाहेर आली. शेतात वडील वाकलेलेच राहिले. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा नाशिकला गेलो. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि तिला 'ई' म्हणायला लावलं. पडद्यावर एक स्वरतंतू हलत होता, दुसरा जागच्या जागी. आवाजाची नस थायरॉईडला चिकटूनच जाते, ती दुखावली असावी, असं त्यांनी समजावलं. ठसकाही त्यामुळेच होता. काही महिने व्यायाम करा, वाट पाहू, म्हणाले.

 घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "सूनबाई, बोल ना मोठ्यानं. मला चालंल."

आईने मान खाली घातली.

ते महिने कधीच सरले. ठसका थांबला, बोलणंही बरंच सुधारलं. समोर बसलं की सगळं कळतं. पण आवाज ओट्याखाली उतरत नाही. आता दुपारी ती वडिलांना मिस्ड कॉल देते. खिशात फोन वाजतो, वडील हात झटकतात आणि घराकडे निघतात.

माझं नाव आता त्या शेतात ऐकू येत नाही.