मोलकरणीचा प्रवेश

दोन हजार एकवीसच्या थंडीत, लॉकडाउनला सगळे कंटाळलेले असताना, ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मराठी मंडळींनी झूमवर नाटक बसवायला घेतलं. नाटक मूळ स्पॅनिश, शेवट रडवणारा. लोक काय म्हणतील या धाकाने एक श्रीमंत विधवा आपल्या तरण्या मुलींना घरात कोंडते आणि त्यात धाकटीचा जीव जातो. नाटकात एकही पुरुष येत नाही. आता गंमत बघा, मंडळाची मेंबरशिप नवऱ्यांच्या नावावर, लिंक त्यांच्याच ईमेलवर. त्यामुळे तालमीच्या स्क्रीनवर ‘दत्तप्रसाद’ विधवेचे संवाद म्हणायचा आणि ‘निनाद’ मुलीचे हुंदके द्यायचा. मंजिरीही तिच्या नवऱ्याच्या नावाने ‘सलिल’ होती.

मोलकरणीचं काम तिने मागून घेतलं. बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, कारण ते कुणालाच नको होतं. पहिल्याच प्रवेशात ही मोलकरीण फरशी घासता घासता मालकिणीचा असा उद्धार करते, की ऐकणाऱ्याच्या कानातले किडे झडावेत. मंजिरीच्या तोंडात तो प्रवेश दोन वाचनांतच बसला. बसणारच. ती एका वृद्धाश्रमात केअरर होती आणि त्या अख्ख्या नाटकमंडळींत रोज घराबाहेर पडणारी आपण एकटीच, असं तिला वाटायचं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, त्यांचे पॅड बदलायची, आणि नातेवाइकांना आत सोडत नव्हते तेव्हा मरणाऱ्याचा हातही तीच धरून बसायची.

एका तालमीत नाटक बसवणारी चिन्मयी सहज म्हणाली, “मंजिरी, हॉस्पिटल ॲडमिनमध्ये बसून तुला फरशी घासायचा एवढा सराव कुठून गं?”

“ॲडमिन? कोण म्हणालं?”

“सलिलच सांगतो की सगळ्यांना.”

मंजिरीला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला, की पुढचं वाक्यच विसरली. तिच्या पगाराची सलिलला लाज नव्हती, कामाची तेवढी होती. तिने त्याच दिवशी ठरवलं, हे आता चालू द्यायचं नाही.

मंडळाचे अध्यक्ष पद्माकर सर पेशाने डॉक्टर. प्रयोगाच्या आधी त्यांनी फर्मान काढलं, “मोलकरणीची ती बडबड कट करा. फॅमिली ऑडियन्स आहे.”

“सर, मुलींना कोंडणारी आणि मोलकरणीला उष्टं घालणारी बाई एकच आहे,” मंजिरी म्हणाली. “अर्धीच दाखवून कसं चालेल? मी पूर्ण म्हणणार.”

“कट म्हणजे कट,” सर म्हणाले आणि मीटिंगमधून निघून गेले.

सलिलने बाहेरच्या खोलीत सगळं ऐकलं होतं. “सर बरोबर बोलतायत गं. आणि तू इतकं रिअल करतेस, लोकांना उगाच डाउट येईल.”

“कसला?”

“सोड ना यार.”

तिने सोडलं नाही. शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, प्रयोग लागला आणि कट केलेला प्रवेश तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला, गुडघ्यांवर बसून, स्वतःच्याच किचनची फरशी घासत. पद्माकर सरांचं बोट म्यूटकडे वळवळलं असणार. पण चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला आणि सरांना गप्प बसावं लागलं.

मग आली ओळख. मंडळाची जुनी रीत अशी, की बाईची ओळख नवऱ्याच्या हुद्द्यापासून सुरू करायची. डॉक्टर अमुक यांच्या सौभाग्यवती, प्रोफेसर तमुक यांच्या मिसेस, असं करत सर मंजिरीपाशी आले. “मोलकरीण झाल्या होत्या आपल्या आयटीतल्या सलिल यांच्या मिसेस. हॉस्पिटल ॲडमिनमध्ये असूनही काय छान केलं!”

“नाही सर,” मंजिरी अनम्यूट होऊन म्हणाली. “मी केअरर आहे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. ॲडमिनमध्ये मी कधीच नव्हते.”

मग विधवेचं काम केलेली नीरजा म्हणाली, “सर, माझंही राहिलंच. मी पोस्टात टपाल सॉर्ट करते.” सरांनी घाईघाईने आभार मानले.

लॅपटॉप मिटेपर्यंत सलिल दारात उभा होता. “निनादसुद्धा बायकोशेजारी बसून बघत होता. हे सांगायची काय गरज होती?”

“त्या बाईने मुलींना कोंडलं, लोक काय म्हणतील म्हणून,” मंजिरी म्हणाली. “तू मला नाही कोंडलंस रे. माझं काम कोंडलंस. ते आता बाहेर आलंय, परत आत जायचं नाही.”

बऱ्याच वेळाने सलिलचा फोन वाजला, निनादच होता. त्याने मंजिरीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, “हो, केअररच. मीच खोटं सांगत होतो.”