देवापुढे सांगितलेलं नाव

माझ्या धाकट्या भावाला दत्तक द्यायचं ठरलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि मी एकवीस. मला लग्न करून मंगरूळपीरला दिलेलं होतं. या कार्यासाठी म्हणून आठ दिवस आधी वाशीमजवळच्या आमच्या खेड्यात आले होते. वडिलांच्या आतेभावाला मूल नव्हतं. पैनगंगेच्या पलीकडे त्यांची शेतीवाडी. निजामाचं राज्य जाऊन चारपाच वर्षं झाली होती, पण आम्ही वऱ्हाडातली माणसं त्या बाजूला अजून मोगलाईच म्हणत होतो. नदी ओलांडली की परका मुलूख, असंच लहानपणापासून डोक्यात बसलेलं. थोरला भाऊ घर सांभाळायला होताच, तेव्हा धाकट्याला द्यायला हरकत नाही, असं बाप्यांनी ओसरीवर बसून ठरवलं. त्याला कुणी विचारलं नाही. मायला तर विचारायचा प्रश्नच नव्हता.

कार्याच्या दोन दिवस आधी मायनं मला गोठ्यामागे बोलावलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्याले एकदा इचार वं. मी इचारलं तं तो हो म्हनन, मले वाईट वाटू नये म्हणून. तुले खरं सांगन. त्याच्या मनात नसन तं मी हातावर पाणी घेत नाही. मंग तुह्या बापानं घर डोक्यावर घेतलं तरी चालन.”

दत्तकाला आईच्या हातचं पाणी लागतं. ते तिनं सोडलं नाही तर सगळं तिथंच थांबलं असतं. एवढा मोठा निर्णय तिनं माझ्या पदरात टाकला, आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वाशीमला गेलो. मायची कार्यातली चोळी शिंप्याकडे होती. शिंपी म्हणाला, संध्याकाळी या. दिवस मोकळा पडला. स्टेशनावर हिंगोलीकडे जाणारी गाडी उभी होती. भाऊ थांबला.

“बाई, मोगलाई पाहून येऊ का? मले तं आता तिथंच राहाचं हाय.”

“येडा झाला काय? घरी काय सांगू?”

“शिंप्यानं बसवून ठेवलं म्हणू.”

नवऱ्याला न विचारता मी कधी विहिरीपलीकडे गेले नव्हते, आणि त्या दिवशी गाडीत चढले. गाडीत विचारीन, असं मनाशी म्हटलं. पण समोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. परक्या माणसांपुढे कसं विचारायचं? अशी कारणं मला भराभर सुचत होती.

हिंगोलीत दुकानांच्या पाट्या उर्दूत होत्या. हा एकेका पाटीपुढे उभा राहून ती डोळ्यांत भरून घ्यायचा. वर्गात पहिला येणारा पोरगा तो. शेवटी एका दुकानात शिरून यानं विचारलंच, बाहेर काय लिहिलंय. गल्ल्यावरचे दाढीवाले चाचा हसले. “कपडे की दुकान है बेटा. अंदर देख लेते तो पढना नहीं पडता.”

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “बाई, इथं मी अडाणीच ठरीन.”

हसतच म्हणाला, म्हणून मीही हसले. विचारायचं ते तेव्हाच विचारायला हवं होतं.

तिथून मोटारीनं आम्ही औंढ्याला गेलो. एवढ्या लांब आलो तर नागनाथाचं दर्शन घेऊनच परतू, असं मीच म्हटलं. देवळाच्या भिंतीवरचे हत्ती त्यानं बोट लावून लावून पाहिले. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. भक्तासाठी देऊळच फिरलं, अशी तिथली कथा एका बाईनं आम्हाला सांगितली. भाऊ बराच वेळ त्या नंदीजवळ बसून राहिला. मी भाकरीचं फडकं सोडलं. त्यानं अर्धीच खाल्ली.

“मायनं काही म्हटलं काय तुले?” त्यानं विचारलं.

“कायचं?”

“काही नाही.”

मी ठेच्याची पुरचुंडी बांधत बसले. खरं सांगते, मला भीती वाटली. तो नाही म्हणाला तर? मायनं पाणी सोडलं नाही, तर बाबा तिचे काय हाल करतील, चार गावचे लोक काय बोलतील, माझ्या सासरी काय ऐकावं लागेल, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. तिकडे चांगलं घर, विहीर, बैलजोड्या. त्याचं भलंच होईल, असंही वाटत होतं. पण आधी भीती होती, भल्याचं मागाहून आलं.

नागनाथाची पिंड खाली भुयारात आहे. अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. आत समईचा उजेड आणि घामाचा वास. पुजाऱ्यानं भावाच्या हातात बेल दिला, पळीभर पाणी दिलं आणि म्हणाला, “स्वतःचं नाव सांगा. बापाचं नाव, कूळ सांगा.”

भावानं स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबला. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली नाही असं म्हणायची सोय नाही. मला चांगली कळली.

पुजारी म्हणाला, “बोला, मागं माणसं खोळंबलीत.”

आणि मी नव्या बापाचं नाव सांगितलं. कूळही त्यांचंच सांगितलं. सुपारी फुटलेली, आता देवापुढे जुनं नाव घेतलं तर अपशकुन होईल, असं तेव्हा स्वतःला समजावलं. भावानं ते नाव माझ्यामागून हळू म्हटलं आणि पाणी पिंडीवर सोडलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर पाहत होता. वाशीमला आम्ही चोळी घेतली.

सकाळी मायनं चुलीपुढे मला विचारलं, “काय म्हणला?”

मी म्हटलं, “देवापुढं त्यानं आपल्या तोंडानं नव्या बापाचं नाव घेतलं.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. कार्याच्या वेळी तिनं पाणी सोडलं, त्याच नव्या चोळीत.

भावाचं तिकडे वाईट झालं नाही. शेती वाढवली, लग्न झालं, मुलंबाळं झाली. इकडे मात्र तो पाहुण्यासारखा यायचा. मायच्या पाया पडायचा, चहा घ्यायचा, जेवायला थांबायचा नाही. माय गाडी वळेपर्यंत दारात उभी राहायची. मला तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.

ती गेली तेव्हा तो आला. दत्तक गेलेल्याला जन्म दिलेल्या आईचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी आंघोळ करून तो निघाला. पिशवी हातात घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “बाई, एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मनातून जात नाही. मायनं मले एकदाही इचारलं नाही, तुले जाचं हाय काय म्हणून.”

मी सांगितलं. गोठ्यामागचं सांगितलं, तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

तो उभाच होता. मग त्यानं पिशवी खाली ठेवली. न्हाव्याला बोलावून थोरल्याच्या बरोबरीनं डोकं भादरलं आणि दहाव्यापर्यंत सुतकात बसला. शास्त्र काय म्हणतं, हे त्याला कुणी विचारायला धजलं नाही.

त्या दिवसांत तो सगळ्यांशी बोलला. माझ्याशी बोलला नाही. अजून बोलत नाही.