फोनवर मटार

“मैं हूँ. बोलने का नहीं तो मत बोल.”

चंदीगडात तीस वर्षं काढूनही काकूंची हिंदी साताऱ्याच्या पुढे सरकली नव्हती. पंजाबी पोरं फोनवर रडता रडता त्या हिंदीला हसायची. पोर हसलं की काकू मला डोळ्यांनी खुणावायच्या, म्हणजे हे आज झोपेल.

सगळं घर निजल्यावर ज्या मुलांना जगणं नकोसं होतं, त्यांच्यासाठी आमची रात्रीची हेल्पलाइन. एका कोठीच्या, म्हणजे इकडच्या बंगल्याच्या, तळघरात दोन टेबलं, दोन फोन, एक हीटर. काकू निवृत्त नर्स, मी कॉलेजात शिकवणारी. मला नियमांचा भारी सोस. समोरून कुणी बोललंच नाही तर पाच मिनिटांनी फोन ठेवायचा, असा नियम होता. काकूंनी तो कधी पाळला नाही.

हाताला काम नसलं की जिला बसवत नाही, अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. काकू हिवाळाभर घरून मटार आणायच्या आणि फोन कानाला लावून सोलत बसायच्या. दाणे स्टीलच्या पातेल्यात पडत राहायचे.

“काकू, मुलांना काय वाटेल?”

“वाटू दे की. कुणीतरी जागं आहे आणि उद्याच्या भाजीचं बघतंय, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.”

त्या हिवाळ्यात रोज रात्री सव्वादोनला एक फोन यायचा. मुका. नंबर आम्हाला दिसत नसे, तशी सोयच होती. बाहेर धुकं इतकं की झरोक्यातून फाटकावरचा दिवाही दिसायचा नाही. काकू मटार सोलता सोलता मध्येच म्हणायच्या, “हाँ, इधर पण थंडी है.” थोड्या वेळाने, “छे, अभी तक नहीं थकी.” एकदा मी फोन स्पीकरवर घ्यायला लावला. घड्याळाची टिकटिक होती, बाकी काही नाही. तरी काकू उत्तरं देतच होत्या.

“काकू, तिकडे कुणी बोलत नाहीये.”

“तुला ऐकू येत नाहीये, पोरी.”

एका रात्री काकूंना डुलकी लागली आणि तोंडून मराठीच निघून गेलं, “झोप आता, बाळा.” पलीकडे कुणीतरी हुंदका दिला. महिनाभरात तेवढा एकच आवाज. म्हणजे आपल्यातलंच, एखाद्या फौजी नाहीतर डॉक्टरच्या घरातलं लेकरू. मराठी कळतं, पण बोलतात हिंदीच, त्यातलं. तेव्हापासून काकू त्याच्यापुरतं मराठीत म्हणायला लागल्या, “मी आहे. बोलायचं नसेल तर नको बोलूस.”

मग काकूंच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना ॲडमिट केलं. त्या रात्री त्यांच्या टेबलाशी मी बसले. सव्वादोनला फोन वाजला. मी हॅलो म्हटलं, घड्याळात पाच मिनिटं बघितली आणि नियमाप्रमाणे ठेवून दिला.

दुसऱ्या रात्री तो फोन आला नाही. तिसऱ्याही रात्री नाही. मी सकाळी पेपरातल्या बारीकसारीक बातम्या वाचायला लागले. माझ्यापायी एक लेकरू गेलं, असंच मी धरून चालले होते.

दवाखान्यात काकूंनी तोंडावरचा मास्क बाजूला करून एवढंच विचारलं, “येतो का गं फोन?”

“येतो की.”

“ठेवत नाहीस ना?”

“नाही, काकू.”

आठव्या दिवशी काकू गेल्या. माझं खोटं ऐकूनच गेल्या.

त्या रात्री मला घरी बसवेना. मनीमाजऱ्याहून धुक्यातून स्कूटी रेटत तळघरात आले. टेबलाखाली काकूंचं पातेलं तसंच होतं. सव्वादोनला फोन वाजला.

मी उचलला आणि तसाच कानाला धरून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तीच टिकटिक. मग तिकडून शेंग मोडल्याचा आवाज आला, आणि भांड्यात दाणे पडले. काकूंच्याच संथ चालीने, एकेक करून. मी खाली वाकून पातेल्यात पाहिलं. ते रिकामं होतं.

दाणे पडत राहिले. मला रडू आवरेना. ते पलीकडे ऐकू गेलं असावं, कारण दाणे थांबले आणि एक कोवळा आवाज अडखळत मराठीत म्हणाला,

“मी आहे. बोलायचं नसेल तर नको बोलू.”