लाल फडक्यातल्या फ्लॉप्या

४ मे १९९३, मंगळवार. रक्कम एकवीस हजार सहाशे रुपये. हजर माणसं चार — आमचे शेठजी, औरंगाबादहून आलेला विक्रेता, भास्कर आणि मी. एवढं मी कुणालाही सांगू शकलो असतो, कागदावरच आहे ते. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच.

मी केदारखेड्याचा. शेती भावानं सांभाळली, मी बी.कॉम. होऊन जालन्यात आलो आणि मस्तगडला एका बियाण्याच्या कंपनीत हिशेबाला लागलो. १९८७ साली शेठजींनी संगणक घेतला. त्यावरची प्रणाली, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, युनिक्सच्या जातीची होती. मोठं यंत्र एकच, त्याला वायरीनं जोडलेली चार टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, चौघांनी एकाच वेळी काम करायचं. चालवणारं कुणी नव्हतं. मग मी शिकलो. डाव्या हाताला इंग्रजी पुस्तक, उजव्या हाताला शब्दकोश. एकेका आज्ञेला दोन-दोन दिवस लागायचे. पण शिकलो. कोणत्या लॉटची किती पोती, उगवण किती टक्के, हे शेठजींनी विचारायचं आणि मी यंत्राकडे न बघता सांगायचं, अशी चार वर्षं गेली. ती माझी चांगली वर्षं. तेव्हा ते कळलं नाही — चांगली वर्षं चालू असताना कुणाला कळतात?

१९९१ मध्ये भास्कर आला. धावड्याचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि हा औरंगाबादेत संगणकाची पदविका घेऊन आला. वय सव्वीस. मी छत्तीसचा. पहिल्याच आठवड्यात, ज्या महिनाअखेरच्या यादीला मला चार तास लागायचे, ती त्यानं वीस मिनिटांत काढून दाखवली.

"दादा, हे असं केलं तर जल्दी होतंय, बघा," तो म्हणाला. हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं.

त्यानं मिजास केली असती तर फार सोपं झालं असतं. तो माझा मान ठेवायचा. माझ्या आधी चहाचा कप उचलायचा नाही. आणि मी? मी मोजत बसायचो. सोमवारी शेठजींनी त्याला किती वेळा हाक मारली, मला किती वेळा. खरंच मोजायचो — मला मोजायची सवय, दुसरं काय. एका सोमवारी अकरा आणि दोन. दोनांतली एक हाक पंखा बंद करा म्हणून.

घरीसुद्धा तेच. एकदा बायको भाकरी वाढताना म्हणाली, "अवो, जेवताना बी तुमच्या तोंडात भास्करच. त्याला बोलवाच एकदा, मी त्याचंच ताट वाढते." ती हसली. मी पण हसलो. पण मला त्या घासाची चव लागली नाही, हे तिला कुठं माहीत?

आता मूळ गोष्टीकडे येतो. नाही, अजून एक गोष्ट आधी सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला कळणार नाही.

१९९० साली आमचं जुनं यंत्र बंद पडलं. ते २८६ जातीचं होतं. शेठजींनी नवं, ३८६ जातीचं घेतलं. त्याच्या ताकदीची नवी प्रणाली वेगळी विकत घ्यावी लागत होती. मी हिशेब मांडून दाखवला की जुन्या फ्लॉप्यांवरची जुनीच प्रणाली नव्या यंत्रावर चालते, पैसे वाचतात. शेठजी खूश झाले. म्हणजे बाहेरून यंत्र ३८६, आत प्रणाली २८६ ची. वरच्या पाटीवरून कुणालाही वाटावं की सगळंच नवं आहे; चालू होताना पडद्यावरही प्रणालीचं फक्त नाव यायचं, आकडा नाही. आतली गोष्ट माहीत होती मला. शेठजींना सांगितलं होतं, पण त्यांच्या लक्षात फक्त वाचलेले पैसे राहिले.

आणि त्या मूळ फ्लॉप्या कुठं होत्या? तिजोरीत. दिवाळीला लक्ष्मीपूजनात आमच्याकडे वह्या मांडतात, त्यांच्या शेजारी पहिल्या वर्षी शेठजींनी फ्लॉप्यांचा डबाही मांडला. हळद-कुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधलं. "ही पण आता आपली वहीच," म्हणाले. तेव्हापासून तो डबा वह्यांसोबत तिजोरीत, आणि फडकं सुटायचं ते वर्षातून एकदा. १९९० साली यंत्र बदललं तेव्हाही मी आधी शेठजींना विचारलं, उदबत्ती लावली, मग गाठ सोडली. त्यानंतर त्या फ्लॉप्यांवरची अक्षरं कुणी वाचली नाहीत. किल्ली शेठजींकडे, पण तिजोरी उघडायचो मी.

१९९३ च्या उन्हाळ्यात मागच्या अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत दोन छोटे संगणक आले. तिथं उगवण तपासायचे, आकडे कागदावर लिहायचे, कागद आमच्याकडे यायचा, आम्ही पुन्हा टायपायचो. त्यात चुका. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर तपासणी न झालेला एखादा लॉट बाहेर गेला तर कंपनीचं नाव जाणार. म्हणून दोन्ही इमारती जोडायच्या ठरल्या.

दोन मार्ग होते. एक माझा. आमच्या प्रणालीबरोबर फुकटच आलेली जुनी सोय — एक साधी तार टाकायची, आणि संध्याकाळी एकेक फाईल तिच्यावरून पाठवायची. हळू, पण फुकट. दुसरा भास्करचा. नेटवर्कचं स्वतंत्र सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, त्यासोबत जोडणीचं कार्ड. मग प्रयोगशाळेत आकडा भरला की त्याच मिनिटाला कचेरीत दिसणार. किंमत एकवीस हजार सहाशे.

त्याचा मार्ग बरोबर होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यानं दोन दिवस बसून तक्ता केला होता — कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर चालतं, कोणत्या कार्डाशी जुळतं, पुढं काय वाढवता येतं. इतका नीट तक्ता मी आयुष्यात केला नाही. त्यातलं एक निवडून त्यानं खाली रेघ मारली होती. ते होतं ३८६ च्या प्रणालीसाठी. तक्त्यात त्याच कंपनीचं दुसरंही होतं, २८६ साठी — किंमत चारशे रुपयांनी कमी. म्हणजे फक्त एक ओळ वर रेघ मारायची होती.

त्यानं आधी मला विचारलंही. "दादा, मूळ फ्लॉप्या बघायला मिळतीन का? एकदा खात्री करतो." आणि मी म्हणालो, "पूजेतल्या आहेत रे. दिवाळीशिवाय फडकं सोडत नाहीत." हे तसं खोटं नव्हतं. पण माझ्या एका शब्दावर शेठजींनी ते सोडू दिलं असतं — आधी दिलंच होतं.

मग आला मंगळवार. विक्रेत्यानं ब्रीफकेस उघडून कागद काढला. शेठजी आकडा बघून मला म्हणाले, "मुनीमजी, एवढ्यात दोन म्हशी येतील. त्या निदान दूध तरी देतील." सगळे हसले. भास्करचे कान लाल झाले. विक्रेत्यानं विचारलं, प्रणाली कोणती, २८६ की ३८६? भास्कर म्हणाला, "मशीन ३८६ हाय." मग माझ्याकडे वळला. "दादा, आतली सिस्टीम बी तीच ना? बराबर ना?"

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी गप्प बसलो. माझ्या हातात कप होता, तोंडात चहा होता, तेवढ्यात विषय पुढं गेला. गप्प बसणं हा भित्र्याचा गुन्हा, त्याच्यासोबत माणूस जगू शकतो. पण तसं झालं नाही. कप टेबलावर होता. मी बोललो.

"बराबर," म्हणालो.

आणि तेवढ्यावर थांबलो का? नाही. खरेदीच्या कागदावर 'यंत्र व प्रणाली तपासली, जुळते' अशी ओळ होती, खाली सहीची जागा. अशा कागदांवर सही माझी असायची. मी तो कागद उचलून भास्करपुढं सरकवला. "निवड तुझी आहे, मान तुझा," म्हणालो. त्याला किती आनंद झाला सांगू? त्यानं खिशातला पेन काढला, तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं — वडिलांच्या नावासकट.

आठ दिवसांनी खोकं आलं. सील फोडलं. सील फुटलं की माल परत नाही, असं वर छापलेलं होतं. भास्करनं पहिली फ्लॉपी घातली. यंत्रानं दोन ओळी दाखवल्या आणि ते थांबलं. त्यानं पुन्हा घातली. दिवसभर घातली. मी माझ्या टेबलावर पोत्यांची बेरीज करत होतो, आणि — हेही सांगून टाकतो — त्या दिवशी माझी एकही बेरीज चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी फडकं सोडायला लावलं. कुंकवाखाली २८६ हा आकडा स्पष्ट होता. मी कपाळावर हात मारला. "अरे, विसरलोच मी!" ज्या माणसाला सहा वर्षांपूर्वीचा लॉट नंबर आठवतो, तो हे विसरला? पण कुणी तसं म्हणालं नाही. शेठजींनी खरेदीचा कागद मागवला. "सही कोणाची आहे?"

त्या क्षणी भास्कर एवढंच म्हणाला असता तरी पुरे होतं — 'दादांनी बराबर म्हणलं'. विक्रेता नव्हता, पण शेठजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आठवण करून दिली असती तर आठवलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघत होतो. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी."

त्याला कळलं होतं का? की माझ्यावर एवढा भरवसा होता की मी खरंच विसरलो असं वाटलं? बारा वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही. कोणतं जास्त वाईट, हेही ठरवता आलेलं नाही.

शेठजी म्हणाले, पूर्ण रक्कम त्याच्या पगारातून. तेव्हा मी मध्ये पडलो. हो, मीच. म्हणालो, पोरगा नवीन आहे, अर्धे करा. शेठजींनी अर्धे केले. बाहेर आल्यावर जिन्यात भास्कर वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मी त्याला उठवलं. पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

त्यानंतर माझी फुकटची तार टाकली गेली. पाच वर्षं रोज संध्याकाळी फाईल पाठवायला पाऊण तास लागायचा. कुणी तक्रार केली नाही. शेठजी पाहुण्यांना सांगायचे की साधी तार पुरेल, असं आमच्या मुनीमजींनी आधीच सांगितलं होतं. सोमवारच्या हाका पुन्हा माझ्या झाल्या. आणि भास्कर? काम तेवढंच चांगलं करायचा. पण पुढं त्यानं एकही निवड स्वतः केली नाही. प्रिंटरची रिबन घ्यायची असली तरी कागद घेऊन माझ्या टेबलापाशी यायचा. "दादा, तुम्ही बघून घ्या एकदा. मला न्हाई समजत." वीस मिनिटांत माझे चार तास संपवणारा माणूस. मला हवं होतं तेच झालं होतं. मग मी त्याच्याकडे मान वर करून बघत का नव्हतो?

१९९९ मध्ये तो कंपनी सोडून गेला. आता जालन्यातच आहे. त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. मी कधी लावलेला नाही.

तीनशे रुपये महिना, छत्तीस महिने. पहिली कपात जुलै १९९३, शेवटची जून १९९६. पगार तेव्हा बावीसशे होता त्याचा. एकूण दहा हजार आठशे रुपये भास्करनं कंपनीला भरले. छत्तीसच्या छत्तीस महिने पगारपत्रकात ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली, आणि शेवटच्या महिन्यात तिच्यापुढं 'पूर्ण वसूल' असं लिहून खाली सही केली. ती सही माझी आहे.