एका आठवड्यात सात अर्ज

आधी मॅडमचं सांगतो, मग गुन्ह्याचं. कसबा बावड्याकडच्या एका बँकेत त्या शाखाधिकारी होत्या. नाव लिहू नका असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम म्हणतो. मी भंडारा जिल्ह्यातला. दहावीत शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन कोल्हापुरात निवृत्त झालो. त्या बाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मला यातलं काही कळत नाही हे एकदाही जाणवू दिलं नाही. त्या नसत्या तर तो हरामखोर सुटला असता. ते प्रकरण आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

एके सकाळी ठाण्यात माझ्या टेबलापुढे एक तरुण आणि त्याची आई उभे होते. पोरगा फाउंड्रीत मशीन चालवायचा.

"साहेब, चोरी झाली," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"त्येच कळंना झालंय."

आई पुढे झाली. "घर गेलं, साहेब. ऱ्हायला जायच्या आधीच गेलं."

मायलेक भाड्याच्या खोलीत राहत होते आणि मालकाला खोली परत हवी होती. बावड्यात छोटा फ्लॅट ठरवून बयाणा दिला होता. बँकेनं गृहकर्ज नाकारलं. कारण काय, तर पोराच्या नावानं एका आठवड्यात क्रेडिट कार्डांसाठी सात बँकांत अर्ज गेलेले. तीन कार्डं मंजूर झाली, पुरी वापरली गेली आणि बिलं थकली. पोरानं त्यातलं एकही कार्ड डोळ्यानं पाहिलं नव्हतं. वसुलीवाले मात्र फाउंड्रीच्या गेटवर येऊन चारचौघांत त्याला चोर म्हणून गेले.

हे केलं कुणी? त्याच्याच तालमीतल्या एका थोरल्यानं. त्याचं मोबाईलचं दुकान होतं. घराला कर्ज हवं तर आधी कार्ड घेऊन पत तयार करावी लागते, मी बघतो, असं म्हणून त्यानं पोराची कागदपत्रं घेतली, आणि मग फोनवर एकामागून एक ओटीपी मागितले.

"ओटीपी कुणाला सांगू नये, माहीत नव्हतं?" मी आवाज चढवला.

"म्हाईत हुतं की. पर एका मातीत अंग घासल्यालं, साहेब. त्येला न्हाय म्हनायचं म्हंजे त्येच्यावर संशय घेतल्यागत व्हतं."

मी तालमीत गेलो. आणखी पोरं फसली होती हे त्यांच्या खाली गेलेल्या मानांवरून दिसत होतं, पण तोंड कुणी उघडेना. वस्ताद म्हणाले, "या पावणं, च्या घ्या. तालमीचं नाव चावडीवर नगं. आमचं आमी मिटवतो." मी चहा न घेता उठलो. वसुलीवाले पोराच्या दारात होते आणि यांना तालमीच्या नावाची पडली होती!

तेवढ्यात पेठ वडगावच्या बाजारातून खबर आली. कोल्हापूरचा एक जण दर आठवड्याला सीलबंद मोबाईल स्वस्तात विकतो. वर्णन त्या थोरल्याशी जुळलं. चौकशीला आणलं तर पठ्ठ्या पायावर पाय टाकून बसला.

"मी फक्त फॉर्म भरून दिलं, साहेब. कार्ड बँकेनं दिलं, वापरलं त्येनं, आता बिल जड झालं तर माझं नाव? आन् मोबाईलचं म्हनाल तर दुकानदार हाय मी. ऱ्हाऊ द्या, हे धाव्वीच्या पुढचं हाय."

हवालदार हसला. मी मूठ अशी आपटली की चहाचा कप सांडला. माणसाला मारणं सोपं असतं. ते मी केलं नाही.

निरीक्षक साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे दाखवा. नाहीतर आपसातला व्यवहार म्हणून सुटेल." मला धास्ती बसली. जे मला समजत नाही ते कोर्टाला काय समजावणार?

पोराला कर्ज नाकारणाऱ्या शाखेतच गेलो. मॅडमनी माझ्याकडून वदवून घेत समजावलं. प्रत्येक अर्जाची नोंद आपल्या पत-अहवालात होते. पत बांधायची तर आपल्या मिळकतीला झेपेल असं एकच कार्ड निवडायचं, थोडं वापरायचं, वेळेत पूर्ण भरायचं आणि काही महिने थांबायचं. एकदम अर्ज टाकले की हा माणूस पैशासाठी वखवखलाय असं बँकांना वाटतं.

"मग सात कोण टाकेल?" मी विचारलं.

"ज्याला पत बांधायचीच नाही तो," त्या म्हणाल्या. "एका बँकेचं कार्ड दुसरीला दिसायच्या आत ओरबाडून मोकळं व्हायचं."

ठाण्यात परत आलो. या वेळी आरोपीला मीच चहा मागवला. म्हणालो, "निवृत्तीनंतर गावाकडं घर बांधायचंय. कर्ज मिळेल अशी पत कशी करू? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो."

गडी फुलला. "गडबड करायची न्हाय, साहेब. पगार जमा हुतो तिथलंच एक कार्ड घ्यायचं. बिल तारखेच्या आत पुरं भरायचं. सा म्हैनं दुसऱ्याला हात लावायचा न्हाय. माझं बघा, वरसानुवरसं एकच कार्ड हाय. एकदम अर्ज टाकलं की पत बुडालीच म्हना."

"मग त्या पोराचे एका आठवड्यात सात का टाकलेस?"

त्याचा कप ओठाशीच थांबला. पाय खाली आला. त्यानं हवालदाराकडे पाहिलं, पण या वेळी हवालदार हसला नाही.

मग त्यानं सगळं ओकून टाकलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पंचांसमक्ष त्यानं स्वतःच दुकानाच्या माळ्यावरची मोबाईलची खोकी काढून दिली. खोक्यांवरचे क्रमांक पोराच्या नावच्या कार्डांवर झालेल्या खरेदीशी जुळले. कार्डं मागवण्याचा पत्ता त्याच्याच दुकानाचा निघाला. माल सापडल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी वस्ताद फसलेल्या पोरांना घेऊन ठाण्यात आले. "लिहून घ्या, साहेब," एवढंच म्हणाले. दोषारोपपत्र गेलं, शिक्षा झाली.

तरी माझा राग गेला नाही. पोराचा फ्लॅट दुसऱ्यानं घेतला. मायलेकांना त्याहून लहान खोलीत जावं लागलं. गेलेल्या दिवसांची भरपाई कुठल्या कलमात आहे? खोटं बोलणारा चोर परवडला. हा खरं तेच सांगून पोरांना जवळ बोलवायचा आणि बरोबर त्याच्या उलट करायचा. तेव्हापासून मी माणसाला काय माहीत आहे, हे आधी विचारतो. ते कळलं की त्यानं काय केलं त्याचा हिशेब लागतो.

मॅडमनी पोराला सोडलं नाही. खोट्या बिलांच्या तक्रारी त्याच्या शेजारी बसून लिहून घेतल्या. मग छोट्या मुदत ठेवीवर एक कार्ड दिलं आणि दम भरला, "दुसरं मागितलंस तर मी आहे आणि तू आहेस." पोरानं दम पाळला. त्याला कर्ज मिळालं तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि मॅडमची बदली झाली होती. पोराच्या आईनं नव्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवून दाखवली, मग परत घेतली.

मॅडम, तुम्ही आता जिथं असाल तिथं मी येणार आहे. आमच्या शेतातलं चिन्नोर तांदळाचं पोतं खांद्यावरून तुमच्या दारात आणून टाकीन. आणि गावच्या शाळेत, मी सोडली त्याच वर्गात, पोरांपुढे उभा राहून तुम्ही मला शिकवलेलं शिकवीन. तुमचं एवढं देणं मी ठेवणार नाही.