ब्रेक शू निवडणाऱ्या काकू

काकू दुकानात आल्या की ब्रेक शू हातात घ्यायच्या, नाकाशी नेऊन वास घ्यायच्या आणि अंगठ्याच्या नखानं त्याच्यावर एक ओरखडा काढायच्या. नख जरासं रुतलं तर शू पसंत. नाही रुतलं, तर काउंटरवर परत. "दुसरा दाखव बाबा. ह्यो लई कडक हाय."

बाजारात बायकांना भेंडीचं टोक मोडून बघताना तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसंच. पण माझं दुकान होतं जालन्यात, मोटारसायकलच्या सुट्या भागांचं, आणि तिथं बायका सहसा येत नसत. आल्या तरी नवऱ्याचं काम होईपर्यंत बाहेर उभ्या राहत. इथं उलटं होतं. काका बाहेर गाडीपाशी उभे आणि काकू आत.

हे दोघं आमच्याच गल्लीतले, समोरच्या घरातले. मूळचे तीर्थपुरीकडचे. काकांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. नुसत्या नजरेनं ते बांधाची लांबी सांगायचे आणि साखळी टाकली की ती जवळपास तेवढीच भरायची. याचा त्यांना भारी अभिमान. निवृत्त झाल्यावर, नव्वद सालच्या सुमारास, त्यांनी एक जुनी जड मोटारसायकल घेतली आणि दोघं फिरायला लागले. वेरूळ, माहूर, अंबाजोगाई. एकदा तर थेट वणीपर्यंत जाऊन आले. कॅरिअरवर वळकटी आणि पाण्याचा कॅन, पुढं काका, मागं एका अंगाला पाय सोडून बसलेल्या काकू. त्यांचा उजवा हात काकांच्या खांद्यावर असायचा.

लांबच्या फेऱ्याआधी ब्रेक शू बदलायचे, हा काकूंचा नियम. हल्लीच्या गाड्यांना डिस्क आणि पॅड असतात. तेव्हा चाकाच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल शू असत आणि त्यांच्यावरचा थर झिजत जाई. कडक थर पुष्कळ टिकतो, पण ओरडतो आणि उशिरा धरतो. मऊ लवकर झिजतो, पण धरतो बरोबर. गिऱ्हाईक नेहमी टिकणारा मागतं. काकू म्हणायच्या, "झिजू दे की. झिजायलाच आणलाय त्याला. आधी थांबायचं बघावं, मंग जायचं."

एकदा मी चकचकीत डब्यातला शू पुढं केला. म्हटलं, "काकू, हा चांगल्या कंपनीचा आहे." त्यांनी शू बाहेर काढला आणि डबा माझ्याकडं सरकवला. "डबा बसवणार हायेस का चाकात?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

शू बसवले की परीक्षा. काकू मागं बसायच्या आणि काका मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, एक चक्कर मारून यायचे. आल्यावर ते निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे गाडी धरून उभे. काकू पदर सारखा करत सांगायच्या, "बराबर हाय," नाहीतर "मागचा जरा ढिला लागतोय, आवळ." तुम्हाला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. "एका अंगानं बसून बघ. गाडी थांबताना आपण किती सरकतो, त्याच्यावरून समदं कळतंय."

मग एका वर्षी दिवाळीला शू बदलून गेलेल्या काकू संक्रांतीच्या आत पुन्हा हजर. गाडी तर जवळच्या राजूरच्या गणपतीला, चतुर्थीला जाण्यापलीकडं कुठं गेली नव्हती. मी चाक खोललं. शू जवळजवळ नवेच होते.

"काकू, यांना तर काहीच झालं नाही."

"गेलेत ते," काकू बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बैलगाडीपाशी गाडी थांबता थांबंना. बदल."

काका बाहेरून म्हणाले, "मी म्हणलो न्हवतो का, ब्रेकच खराब हाय म्हणून!"

काकू काउंटरवर वाकल्या. "ब्रेक चांगलाय रे. त्यांनाच दिसायलं न्हाई. बैल पार जवळ आल्यावर दिसतोय." डॉक्टरांना दाखवून झालं होतं. डोळ्याचा मागचा पडदा खराब झाला होता. त्याला चष्म्याचा उपयोग नव्हता आणि ऑपरेशनही नव्हतं.

मला राग आला. "मग गाडी बंद करा," मी म्हणालो. "कुणाचा तरी जीव जाईल. तुमचाच जाईल."

"ठावं हाय मला. पण नजरंवर जल्म काढलेला माणूस हाय त्यो. दिसत न्हाई म्हणून गाडी सुटली, तर खाटंवरून उठायचा न्हाई. ब्रेकवर ढकललं की निदान हळू चालवतात. अन् मी हाय न मागं. मला काही दिसलं की खांदा दाबते. दाबला की थांबतात."

"त्यांना कळत नाही?"

"कामून विचारू?" काकू म्हणाल्या आणि पुन्हा मोठ्यानं, "जल्दी बसव बाबा, ऊन चढायलंय."

त्यानंतर फेरे आखडत गेले. माहूर बंद झालं ते काकूंची कंबर धरते म्हणून. मग वेरूळही सुटलं. शेवटी फक्त राजूर उरलं, तेही दिवसा आणि सायकलच्या वेगानं. दोष कधी ब्रेकचा, कधी कंबरेचा. कंबर अगदी ठणठणीत होती. हळदीकुंकवाला गल्लीत सगळ्यांच्या आधी काकूच पोचायच्या. मी शू काढायचो, पुसायचो आणि तेच परत बसवायचो. काका समाधानानं मान डोलवायचे.

एका थंडीत काकू गेल्या. ताप आला, छातीत कफ भरला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, गाडीची धास्तीही वाटली. पण काकांकडं किल्ली मागायची माझी छाती झाली नाही.

बरेच दिवस गाडी अंगणात नुसती उभी होती. मग एका सकाळी काका ती ढकलत दुकानात घेऊन आले. "शू बदल," म्हणाले. मी खोलले, पुसले आणि तेच बसवायला घेतले. काकांनी हात पुढं केला. एक शू नाकाशी नेला, नखानं ओरखडा काढला. "चांगलाय. बसव." मी बसवले. मग म्हणाले, "आता मागं बस. कसा लागतोय सांग."

मला नाही म्हणवलं नाही. मोंढ्याच्या रस्त्यावर कापसानं भरलेली बैलगाडी आडवी उभी होती. मला ती केव्हाची दिसत होती. काका तसेच चालले होते. माझा हात आपोआप त्यांच्या खांद्यावर गेला आणि मी खांदा दाबला. गाडी तिथल्या तिथं थांबली.

काका समोर बघतच म्हणाले, "बराबर. ती पण हितंच दाबायची." मग म्हणाले, "तिला वाटायचं, मला ठाऊक न्हाई."

ते उतरले आणि हँडल माझ्या हातात दिलं. "तू चालव. मी बसतो मागं."

परतताना मी सावकाश चालवत होतो. काका एका अंगाला पाय सोडून बसले होते, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून. गतिरोधक आला, ओलांडून झाला, आणि मग त्यांनी माझा खांदा दाबला. नंतर रस्त्यातली एक गाय मागं पडली आणि मग खांदा दाबला गेला. दर वेळी हात उशिरा दाबायचा, आणि दर वेळी मी ब्रेक लावत होतो.