पास्कलकाकांनी पुरी केलेली प्रार्थना

मी नर्स आहे. मरणारी माणसं जवळून पाहिलीत, गेलेल्यांना पुसून कपडे घातलेत... त्यामुळे चमत्कार वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

गाव म्हसळ्याकडचं, नोकरी अलिबागजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात. गेल्या वर्षी कोर्लईचे पास्कलकाका आमच्या वॉर्डात होते. पॅरालिसिस — उजवी बाजू गेलेली, वाचा पूर्ण बंद. त्यांची बायको रोझमावशी रोज एसटीने यायच्या. चार वाजता, भेटायच्या वेळेला, स्टुलावर बसून जपमाळ काढायच्या. प्रत्येक मण्याला प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायच्या आणि थांबायच्या. दुसरा अर्धा काकांचा... चाळीस वर्षांची सवय. तो येत नसे. तेवढा वेळ गप्प राहून मावशी पुढचा मणी धरायच्या.

एकदा न राहवून मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच पुरी म्हणा ना."

"त्यांचं मी कसं म्हणू, सिस्टर? ते बोलत न्हाय, पण देवाला म्हाईत हाय."

एका मंगळवारी चार वाजले, मावशी आल्या नाहीत. मी शेजारच्या पेशंटचं सलाईन बदलत होते, आणि मागून आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट — "आम्हां पापी लोकांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, विनंती कर. आमेन."

पास्कलकाका! प्रार्थनेचा त्यांचा दुसरा अर्धा. डोळे मिटलेले. मग शांतता... मावशींना त्यांचा अर्धा म्हणायला लागायचा, बरोब्बर तेवढा वेळ. पुन्हा तेच शब्द. असं सहा वेळा. नंतर ते नुसते वाट बघत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं.

साडेपाचला मावशींच्या शेजारणीचा फोन आला. एसटीला निघताना मावशींच्या छातीत कळ आली, त्या दाराशीच बसल्या. रिक्षा यायला तासाहून जास्त लागला, तोवर संपलं होतं.

"चारला माळ घेतली हातात," ती रडत सांगत होती. "थोडं म्हणायची, थांबायची, परत म्हणायची. मला त्यांची प्रार्थना येत न्हाय हो, मी नुसता हात धरला."

"किती वेळा म्हणाल्या?"

"पाच-सहा वेळा असंल..."

काकांना सांगायला गेले. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं.

डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं कधी कधी असं तोंडातून निघतं. असेल. पण मधल्या त्या जागा?

दोघांपैकी कोणीच वाचलं नाही. काका पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, अकराव्या दिवशी गेले. प्रार्थनेने त्या दोघांना काय दिलं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन — मरताना मावशींच्या सोबत काका होते. हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. केस पेपरवर मी त्या दिवशी 'पेशंट बोलला' इतकंच लिहिलंय.